हस्तकंपन, यंत्रचलित हत्यारांतील

हातात धरून चालविण्याच्या यंत्रचलित हत्यारांत निर्माण होणारी व मुठीवाटे कामगाराच्या बोटांत, तळहातात आणि बाहूत शिरणारी यांत्रिक कंपने म्हणजे हस्तकंपन होय. वायवीय छिन्नी हातोडा, खडक भेदण्याचे छिद्रण यंत्र, रस्ता फोडण्याचा ब्रेकर, शाणन यंत्र (ग्राइंडर), साखळी करवत, रिव्हेट ठोकण्याचा हातोडा, आघाती पाना इ. हत्यारांच्या वापरात ती विशेष तीव्र असतात. दीर्घकाळ अशा कंपनांच्या संपर्कात राहिल्यास बोटांच्या रक्तवाहिन्या, तंत्रिका, स्नायू व सांधे यांना कायमची इजा होऊ शकते. या विकारसमूहास हस्त-बाहू कंपन लक्षणसमूह असे म्हणतात. विकार एकदा बळावल्यावर त्यावर खात्रीचा उपचार नाही. म्हणून कंपन हातापर्यंत पोहोचू न देणे हाच खरा इलाज ठरतो. हे काम मुख्यतः हत्याराची रचना करणाऱ्याचे व ते निवडणाऱ्याचे असून हत्यार चालविणाऱ्याच्या सावधगिरीला त्यात दुय्यम स्थान आहे.

इतिहास : थंडीमुळे किंवा मानसिक क्षोभामुळे बोटांतील रक्तप्रवाह अचानक आटून बोटे पांढरी पडण्याच्या विकाराचे वर्णन मॉरिस रेनो या फ्रेंच वैद्यांनी १८६२ मध्ये केले. याच प्रकारचा विकार वायवीय हत्यारे वापरणाऱ्या खाणकामगारांत आढळतो, असे जोव्हान्नी लोरिगा यांनी १९११ मध्ये इटलीत दाखवून दिले. अमेरिकेत इंडियाना राज्यातील बेडफर्ड येथे चुनखडकाच्या खाणी आहेत. तेथील पाथरवटांची पाहणी ॲलिस हॅमिल्टन यांनी केली व तिचा वृत्तांत १९१८ मध्ये प्रसिद्ध झाला. एका हातात वायवीय हातोडा व दुसऱ्या हातात छिन्नी धरून हे कामगार काम करीत. थंड सकाळी त्यांची बोटे पांढरी व बधिर पडत आणि छिन्नी धरणाऱ्या डाव्या हातावर परिणाम अधिक दिसे. १९७८ मध्ये, म्हणजे साठ वर्षांनी, त्याच खाणींची पुन्हा पाहणी झाली, तेव्हाही हा विकार कामगारांत मोठ्या प्रमाणावर आढळला. कारण ज्ञात असूनही हत्यार मूलतः बदलले नाही, तर रोगही बदलत नाही, हा या दोन पाहण्यांचा निष्कर्ष महत्त्वाचा आहे.

दुसऱ्या महायुद्धानंतर एका माणसाला पेलणारी साखळी करवत वनोद्योगात सर्वत्र आली व तिच्याबरोबर हा विकारही खाणी आणि कारखाने यांच्या बाहेर पसरला. उलट, हा विकार आटोक्यात आणता येतो याचा सर्वांत स्पष्ट पुरावाही याच हत्याराने दिला (तो पुढे दिला आहे). आंतरराष्ट्रीय श्रमिक संघटनेने १९७७ मध्ये हवा प्रदूषण, गोंगाट व कंपन यांपासून कामगारांच्या संरक्षणासाठी करार (क्रमांक १४८) संमत केला. ब्रिटनमध्ये १९८५ पासून कंपनजन्य पांढऱ्या बोटांचा विकार नुकसानभरपाईस पात्र अशा व्यवसायजन्य रोगांत गणला जातो.

शरीरावरील परिणाम : कंपनाची कंप्रता (दर सेकंदास होणाऱ्या कंपनांची संख्या) कमी असेल, तर ते मनगट व कोपर यांतून वर बाहूपर्यंत जाते, कंप्रता सु. २०० हर्ट्‌झपेक्षा जास्त असेल, तर त्याची ऊर्जा मुख्यत्वे बोटे व तळहात यांतच शोषली जाते. त्यामुळे ब्रेकरसारख्या मंदगती हत्याराचा ताण मनगट व कोपर यांना, तर शाणन यंत्रासारख्या शीघ्रगती हत्याराचा ताण बोटांना अधिक जाणवतो.

रक्तवाहिन्यांच्या विकारात अनुकंपी तंत्रिकांच्या प्रतिक्षेपामुळे बोटांतील रोहिण्या आकुंचन पावतात. कालांतराने त्यांच्या अंतःस्तराला इजा होते व भित्तीतील स्नायू जाड होतो. मग थंडी लागताच बोटांची टोके पांढरीफटक पडतात व रक्तप्रवाह पुन्हा सुरू होताना ती लाल होऊन ठणकतात. तंत्रिकांच्या विकारात प्रथम मुंग्या येतात, मग बधिरता टिकून राहते आणि शेवटी स्पर्शज्ञान व बोटांचे कौशल्य कमी होते. सदऱ्याचे बटण लावणे, नाणे उचलणे, सुई किंवा स्क्रू बोटांत धरणे अवघड होते. हातावर पोट असलेल्या कारागिराच्या दृष्टीने ही हानी पांढऱ्या बोटांपेक्षाही गंभीर होय. कंपनाचा संपर्क लवकर थांबविल्यास रक्तवाहिन्यांची लक्षणे काही अंशी मागे हटू शकतात. तंत्रिकांची हानी मात्र बहुधा तशीच राहते.

कंपनामुळे स्नायूत एक प्रतिक्षेपी आकुंचन निर्माण होते व बोटांतील स्पर्शग्राहके काही काळ बोथट होतात. त्यामुळे कामगार नकळत मूठ अधिक घट्ट आवळतो आणि घट्ट पकडीतून कंपन अधिक प्रमाणात हातात शिरते. विकाराच्या श्रेणी ठरविण्यासाठी १९८६ मध्ये स्टॉकहोम येथील परिसंवादात तयार झालेली श्रेणिपद्धती प्रचारात आहे. तीत रक्तवाहिन्यांचे व तंत्रिकांचे विकार एकमेकांपासून स्वतंत्रपणे आणि प्रत्येक हातासाठी वेगळे मोजले जातात.

मापन व मर्यादा : कंपनाची तीव्रता प्रवेगाच्या स्वरूपात, मीटर प्रति सेकंद वर्ग (मी./से.²) या एककात मोजतात. त्यासाठी मुठीवर हाताच्या पकडीजवळ दाबविद्युत् प्रवेगमापक बसवून परस्परांशी लंब अशा तीन दिशांतील प्रवेग नोंदतात. तीन मूल्यांच्या वर्गांच्या बेरजेचे वर्गमूळ हे एकूण मूल्य होय. आघाती हत्यारांच्या बाबतीत प्रवेगमापकाला बसणाऱ्या तीव्र धक्क्यांमुळे खोटी वाचने मिळण्याचा संभव असतो. म्हणून मापक व मूठ यांच्यामध्ये यांत्रिक गाळणी बसवितात.

सर्व कंप्रतांचा हातावर सारखाच परिणाम होत नाही असे मानून प्रत्येक कंप्रतेच्या प्रवेगास वेगळा भार देण्यात येतो. आंतरराष्ट्रीय मानक ५३४९ (२००१) अनुसार हा भार ८ ते १६ हर्ट्‌झ या पट्ट्यात सर्वाधिक असून त्यापुढे तो कंप्रतेच्या व्यस्त प्रमाणात घटतो. १६० हर्ट्‌झला तो सु. एक-दशांश राहतो. बोटांच्या रक्तवाहिन्यांच्या इजेबाबत उच्च कंप्रतांना या पद्धतीत कमी लेखले जाते, अशी टीका होत आली आहे. २०१७ मध्ये याच संस्थेने रक्तवाहिन्यांच्या इजेसाठी एक वेगळी पूरक मापनपद्धती प्रसिद्ध केली.

दिवसभराचा संपर्क आठ तासांच्या समतुल्य मूल्यात व्यक्त करतात. भारित प्रवेग प्र व प्रत्यक्ष संपर्काचे तास का असतील, तर

दैनिक संपर्क = प्र × √(का ÷ ८)

यूरोपीय संघाच्या २००२ मधील निर्देशानुसार दैनिक संपर्क २.५ मी./से.² झाला की मालकाने नियंत्रणाचे उपाय योजणे बंधनकारक असते व ५ मी./से.² ही मर्यादा ओलांडता येत नाही. या सूत्रावरून एक महत्त्वाची गोष्ट कळते. जुन्या धर्तीच्या ब्रेकरचा भारित प्रवेग १२ मी./से.² असेल, तर सु. २१ मिनिटांत पहिली व सु. ८३ मिनिटांत दुसरी मर्यादा गाठली जाते. प्रवेग ५ मी./से.² वर आणल्यास हेच काळ अनुक्रमे दोन तास व आठ तास होतात. प्रवेग निम्मा केला की अनुज्ञेय काळ चौपट होतो. काळ निम्मा केला, तर दैनिक संपर्क मात्र केवळ सु. तीस टक्क्यांनी घटतो. म्हणून कामाचे तास कमी करण्यापेक्षा कंपन कमी करणे अधिक फलदायी असते.

वरील मानकात दैनिक संपर्क व विकार यांचा अंदाजे संबंधही दिला आहे. संपर्क ३.७ मी./से.² असेल, तर सु. ८ वर्षांत, ७ असेल तर ४ वर्षांत व १४ असेल तर २ वर्षांत, संपर्कात असलेल्यांपैकी दहा टक्के लोकांत बोटे पांढरी पडण्याचा विकार दिसू लागेल, असा तो अंदाज आहे. या मर्यादा म्हणजे पूर्ण सुरक्षिततेची हमी नव्हे, हे यावरून स्पष्ट होते.

उगमापाशी नियंत्रण : हत्यारातील कंपनाची प्रमुख कारणे तीन : फिरत्या भागाचा असमतोल, पुढेमागे होणाऱ्या वस्तुमानाची प्रतिक्रिया आणि हत्यार व काम यांच्या स्पर्शस्थानी बसणारे धक्के. प्रत्येकाचा उपाय वेगळा असतो.

(१) फिरत्या भागाचा असमतोल : शाणन यंत्राचे चाक दर मिनिटास ८,५०० फेरे फिरत असेल, तर केंद्रापासून ५ सेंमी. अंतरावरील केवळ १ ग्रॅम जादा वस्तुमानामुळे सु. ४० न्यूटन, म्हणजे सु. ४ किग्रॅ. वजनाइतके केंद्रोत्सारी बल निर्माण होते व त्याची दिशा सेकंदास सु. १४२ वेळा फिरते. चाकाची असमान झीज, त्याच्या भोकातील फट व वाकलेली बैठक (फ्लँज) यांमुळे असा असमतोल सहज उद्‌भवतो. चांगल्या प्रतीचे चाक व अचूक बैठक हा पहिला उपाय होय. काही यंत्रांत स्वयंसमतोलक बसविलेला असतो. यात धुऱ्याभोवती वर्तुळाकार खोबणीत पोलादी गोळ्या व तेल असते. यंत्राचा वेग त्याच्या स्वाभाविक कंप्रतेपेक्षा पुरेसा जास्त झाला की गोळ्या आपोआप हलक्या बाजूकडे सरकून असमतोल भरून काढतात. चाक झिजत जाईल तशा त्या आपली जागा बदलतात, हा याचा मोठा फायदा आहे.

(२) पुढेमागे होणारे वस्तुमान : वायवीय हातोड्यात संपीडित हवा दट्ट्याला पुढे ढकलते तेव्हा तितक्याच बलाने सिलिंडर मागे, म्हणजे कामगाराच्या हाताकडे, ढकलला जातो. दट्ट्याचा मार्ग लांब ठेवून त्याला अधिक काळ पण कमी बलाने प्रवेग दिल्यास ही प्रतिक्रिया सौम्य होते. दुसरा मार्ग म्हणजे दट्ट्याच्या विरुद्ध दिशेने हलणारे प्रतिभार वस्तुमान बसविणे होय. कुंपण छाटण्याच्या यंत्रात दोन्ही पाती परस्परविरुद्ध हलती ठेवण्यामागे हेच तत्त्व आहे. विजेवर चालणाऱ्या हातोड्यांत गतिक कंपनशोषक वापरतात : स्प्रिंगला जोडलेले एक छोटे वस्तुमान आघातांच्या कंप्रतेशी जुळवून ठेवतात, त्यामुळे ते विरुद्ध कलेत हलून आवरणावरील बल निष्फळ करते. हा शोषक अरुंद कंप्रता पट्ट्यातच काम करतो. म्हणून ज्या हत्याराचा वेग स्थिर राखता येतो त्यालाच तो लावणे योग्य ठरते.

(३) स्पर्शस्थानचे धक्के : आघाती पान्याऐवजी तेलाच्या स्पंदांवर चालणारा पाना वापरल्यास धातूवर धातू आदळणे टळते. छिन्नी उघड्या हाताने धरणे ही सर्वांत घातक पद्धत आहे, कारण तेथे कंपन मुठीपेक्षा कित्येक पट असते. छिन्नीवर कंपनरोधक म्यान बसविणे किंवा ती पकडण्याची गरजच न ठेवणे हे यावरील उपाय आहेत.

विलगन : उगमापाशी जे कंपन कमी करता येत नाही, ते मुठीपर्यंत पोहोचू नये म्हणून मूठ व यंत्र यांच्यामध्ये रबराचे किंवा पोलादी स्प्रिंगचे लवचिक आधार बसवितात. कंपनाच्या कंप्रतेचे या मांडणीच्या स्वाभाविक कंप्रतेशी असलेले गुणोत्तर √२ पेक्षा जास्त असेल तरच विलगन होते. संदमन दुर्लक्षणीय मानल्यास हे गुणोत्तर २ असता एक-तृतीयांश, तर ३ असता एक-अष्टमांश कंपन मुठीपर्यंत पोहोचते. गुणोत्तर १ च्या जवळ आल्यास अनुस्पंदन होऊन कंपन उलट वाढते [→ अनुस्पंदन].

साखळी करवतीत एंजिन, पाते व साखळी हा एक भाग आणि दोन्ही मुठी व इंधनाची टाकी हा दुसरा भाग अशी विभागणी करून त्यांच्यामध्ये असे आधार घालतात. मिनिटास ९,००० फेऱ्यांना कंप्रता १५० हर्ट्‌झ होते. आधारांची स्वाभाविक कंप्रता ५० हर्ट्‌झ असल्यास सु. सात-अष्टमांश कंपन अडविले जाते. पण तीच करवत कामाविना मिनिटास २,७०० फेऱ्यांनी चालू राहिली, तर कंप्रता ४५ हर्ट्‌झ होऊन मूठ अनुस्पंदनाच्या टप्प्यात येते. म्हणून करवत विनाकारण चालू ठेवू नये. आधार जितके मऊ तितके विलगन चांगले, परंतु त्या प्रमाणात हत्यारावरील ताबा सुटतो. ब्रेकरसारख्या हत्याराचे आघात सेकंदास सु. २० च्या आसपास असल्याने त्याला फारच मऊ आधार लागतात. अशा मुठी बिजागरीवर बसवून स्प्रिंगने तोलतात. कामगाराने त्यांवर गरजेपेक्षा अधिक भार दिल्यास स्प्रिंग पूर्ण दबून मूठ टेकते व विलगन संपते. मूठ तिच्या मार्गाच्या मधोमध राहील इतकाच भार द्यावा, हे म्हणूनच शिकवावे लागते.

अशा रचनेचे फळ फिनलंडमधील सुओमुस्साल्मी येथील वनकामगारांच्या पाहण्यांत दिसून आले. १९७२ ते १९९० या काळात तेथे वापरल्या जाणाऱ्या साखळी करवतींचा भारित प्रवेग सु. १४ वरून सु. २ मी./से.² पर्यंत उतरला व करवतीही हलक्या झाल्या. याच काळात कामगारांतील पांढऱ्या बोटांचे प्रमाण ४० वरून ५ टक्क्यांवर, तर हातांच्या बधिरतेचे प्रमाण ७८ वरून २८ टक्क्यांवर आले. माणसे व त्यांचे काम तेच राहिले, हत्यार बदलले. मात्र बधिरता पांढऱ्या बोटांइतकी हटली नाही, ही बाब ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

कार्यपद्धतीतील बदल : पुष्कळदा हत्यार सुधारण्यापेक्षा ते वापरण्याची गरज नाहीशी करणे श्रेयस्कर असते. रिव्हेटऐवजी वितळजोडकाम (वेल्डिंग) वा आसंजके वापरणे, ब्रेकर हाती न धरता यंत्रवाहनाच्या भुजेवर बसविणे, काँक्रीट फोडण्याऐवजी द्रवीय दाबाने भेगाळणे वा हीरक तारेने कापणे ही त्याची उदाहरणे होत. ओतकामात साचा अचूक केला, तर ओतीव वस्तूच्या कडांवर धातूचे जादा पापुद्रे राहत नाहीत व ते घासून काढण्याचे काम घटते. म्हणजेच साचा करणाऱ्याच्या कौशल्यावर घासकाम करणाऱ्याच्या हाताचे आरोग्य अवलंबून असते.

हातमोजे : कंपनरोधक हातमोज्यांवर भिस्त ठेवण्याची प्रवृत्ती सर्वत्र आढळते. मोजा हे मऊ आधारासारखेच एक विलगन साधन आहे; परंतु त्याची जाडी मर्यादित असल्याने तो सु. १५० हर्ट्‌झच्या वरच काहीसा उपयोगी पडतो. मंदगती आघाती हत्यारांच्या कंपनावर त्याचा परिणाम नगण्य असतो आणि बोटांच्या बाजूला तो तळहातापेक्षा कमी परिणामकारक असतो. शिवाय जाड मोज्यामुळे मूठ अधिक जोराने आवळावी लागते. हात उबदार व कोरडा ठेवणे आणि ओरखड्यांपासून संरक्षण हे मोज्याचे खरे उपयोग होत; त्याला कंपन नियंत्रणाचा पर्याय मानू नये.

निगा व वापर : बोथट छिन्नी, धार गेलेली साखळी, झिजलेले धारवे (बेअरिंग) व चिरलेले रबरी आधार यांमुळे चांगल्या हत्याराचेही कंपन वाढते. रबर तेल व उष्णता यांनी कडक होते. म्हणून ते ठराविक मुदतीने बदलावे लागते. कामाची अदलाबदल, मधूनमधून विश्रांती, थंड हवेत हात ऊबदार ठेवणे, वायवीय हत्यारातून बाहेर पडणारी थंड हवा हातावर न येऊ देणे व तंबाखू वर्ज्य करणे (निकोटिनामुळे रक्तवाहिन्या आकुंचन पावतात) हे साहाय्यक उपाय आहेत. निर्मात्याने घोषित केलेले कंपनमूल्य प्रयोगशाळेतील ठराविक परिस्थितीत मोजलेले असते व प्रत्यक्ष कामात ते बरेच अधिक भरू शकते. तरीही खरेदीच्या वेळी ते मागून घेऊन तुलना करणे हितावह असते.

उष्ण प्रदेशांतील स्थिती : या विकाराचे अभ्यास प्रामुख्याने शीत प्रदेशांत झाले, त्यामुळे पांढरी बोटे हेच त्याचे ओळखचिन्ह समजले गेले. उष्ण हवामानात मात्र रक्तवाहिन्यांना आकुंचित करणारी थंडीच नसल्याने बोटे पांढरी पडणे क्वचित दिसते. मुंग्या, बधिरता, पकडीची दुर्बलता व मनगटातील वेदना हीच लक्षणे राहतात. भारतात रस्त्यांवरील ब्रेकर, दगडखाणींतील छिद्रण यंत्रे, तसेच कोल्हापूरसारख्या ओतकामाच्या केंद्रांतील ओतीव वस्तूंवरचे घासकाम अशा अनेक कामांत हस्तकंपनाचा संपर्क घडतो. ‘हाताला मुंग्या येतात’ ही तक्रार थकव्यावर किंवा वयावर ढकलली जाण्याचा संभव येथे अधिक असतो. बोटे पांढरी होत नाहीत म्हणून विकार नाही, असे अनुमान काढणे चुकीचे ठरते. अशा रुग्णास तो कोणते हत्यार, दिवसाला किती वेळ व किती वर्षे वापरतो, हे विचारणे ही निदानाची पहिली पायरी होय. स्पर्शज्ञान व पकडीचे बल यांची नियतकालिक तपासणी केल्यास विकार आरंभीच लक्षात येतो व कामात बदल करून पुढील हानी टाळता येते.

यंत्रचलित हत्यार निवडणारा व ते हाती धरणारा हे बहुधा भिन्न असतात. निवड करताना किंमत, वजन व कामाचा वेग यांबरोबर मुठीवरील कंपनाचाही विचार झाला, तरच वरील उपायांपैकी सर्वांत प्रभावी उपाय प्रत्यक्षात येऊ शकतात.